सावित्री खाडी

सावित्री खाडी, अर्थात बाणकोट खाडी, ही महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरील भरती-ओहोटीची खाडी असून ती सावित्री नदीच्या खालच्या टप्प्यात तयार झाली आहे. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी रायगड जिल्ह्यातील पोलादपूर व महाड या तालुक्यांतून पश्चिमेकडे वाहते आणि हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या दरम्यान अरबी समुद्रास मिळते. समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर आत असलेल्या महाड शहराच्या परिसरापर्यंत समुद्राच्या भरतीचा प्रभाव जाणवतो. त्यामुळे महाड हे डोंगरांनी वेढलेले, किनाऱ्यापासून दूरचे शहर असूनही दीर्घकाळ बंदर म्हणून ओळखले जात होते. याच कारणामुळे या भागातील पुराचा विचार करताना पावसाबरोबर समुद्राच्या भरतीचाही विचार करावा लागतो.

भौगोलिक स्थान

खाडीचे मुख सुमारे १८° उत्तर अक्षांशावर आहे. मुखाच्या उत्तर तीरावर रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर व बागमांडला, तर दक्षिण तीरावर रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील बाणकोट व वेश्वी ही गावे आहेत. खालच्या टप्प्यात खाडी ही या दोन जिल्ह्यांची सीमा आहे. आत गेल्यावर उत्तर तीरावर म्हसळा तालुक्यातील आंबेत व दक्षिण तीरावर मंडणगड तालुक्यातील म्हाप्रळ ही गावे समोरासमोर असून त्यांना जोडणारा पूल आहे. त्याहून पूर्वेस दासगाव व त्यानंतर महाड लागते.

महाड शहर सावित्रीच्या उजव्या तीरावर, गांधारी नदीच्या संगमाजवळ वसले आहे. काळ नदी दासगावच्या बाजूस सावित्रीला मिळते. काळ व गांधारी या दोन्ही नद्या रायगड किल्ल्याच्या भोवतालच्या डोंगराळ प्रदेशाचे पाणी आणतात. म्हणजे सह्याद्रीच्या एका विस्तृत भागातील पावसाचे पाणी महाड ते दासगाव या तुलनेने लहान पट्ट्यात एकत्र येते आणि त्याच पट्ट्यात समुद्राच्या भरतीशी त्याची गाठ पडते.

नदीचा प्रवाहमार्ग

सह्याद्रीचा कडा ते पोलादपूर

जुन्या महाबळेश्वरातील पंचगंगा मंदिर हे कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री व सावित्री या पाच नद्यांचे उगमस्थान मानले जाते. यांपैकी सावित्री ही पश्चिमेकडे वाहणारी नदी आहे. महाबळेश्वरच्या आर्थर सीट या कड्यावरून तिची खोल दरी दिसते. समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरहून अधिक उंचीवरून निघालेली ही नदी थोड्याच अंतरात कोकणच्या तळपातळीवर उतरते. पोलादपूर तालुक्यात तिचे पात्र खडकाळ, अरुंद व तीव्र उताराचे आहे. या भागातून एकीकडे आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला आणि दुसरीकडे कशेडी घाटाने खेडकडे रस्ता जातो. पोलादपूरच्या परिसरात नदीचे पाणी वर्षभर गोडे असते. तेथे भरती पोहोचत नाही.

पोलादपूर ते महाड

पोलादपूर सोडल्यानंतर नदीचा उतार झपाट्याने कमी होतो, पात्र रुंदावते आणि दोन्ही बाजूंना गाळाची सपाट जमीन दिसू लागते. डोंगरातून वाहत आलेले दगडगोटे व भरड वाळू या टप्प्यात साचतात. महाडजवळ नदीतळाची पातळी समुद्राच्या भरतीच्या पातळीच्या जवळ येते. जेथे भरतीमुळे पाण्याची पातळी वर-खाली होणे थांबते त्या जागेस भरतीची सीमा म्हणतात. ही सीमा एका ठिकाणी स्थिर नसते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण असताना आणि उधाणाच्या दिवसांत ती वर सरकते. पावसाळ्यात नदी जोरात वाहू लागली की ती खाली ढकलली जाते.

महाड ते समुद्र

महाडच्या खाली सावित्री मोठमोठी वळणे घेत पश्चिमेकडे जाते. येथे उतार अत्यल्प असतो. पात्रात गाळाची बेटे तयार झाली आहेत व काठावर चिखलाचे सपाट पट्टे आहेत. आंबेत–म्हाप्रळच्या पुढे खाडी रुंद होत जाते. दोन्ही काठांवर जांभ्या खडकाचे सपाट माथ्याचे डोंगर असून मुखाशी ते थेट समुद्रात उतरतात.

खाडीची निर्मिती

कोकणातील बहुतेक खाड्या या मुळात नद्यांच्या दऱ्या आहेत. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन काळात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, जगातील समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. त्या काळी किनारा आजच्या किनाऱ्याच्या बराच पश्चिमेस होता आणि नद्यांनी आपल्या दऱ्या त्या खालच्या पातळीनुसार कोरल्या होत्या. पुढे बर्फ वितळून समुद्र वर आला आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळपास पोहोचला. दऱ्यांचे खालचे भाग पाण्याखाली गेले आणि त्यांत समुद्राचे पाणी शिरले. अशा बुडालेल्या दरीस भूगोलात ‘रिया’ असे म्हणतात.

तेव्हापासून नद्या सह्याद्रीतून आणलेला गाळ या दऱ्यांत भरत आहेत. महाड परिसरातील सपाट भातजमीन ही याच भरावाचा भाग आहे. दरी अरुंद आणि काठ कठीण बेसाल्ट व जांभ्याचे असल्याने खाडीस फारसे पसरता येत नाही. ती लांब व चिंचोळी राहिली आहे.

भरती-ओहोटीचे स्वरूप

किनाऱ्यावरील भरती

चंद्र व सूर्य यांच्या गुरुत्वाकर्षणामुळे आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे समुद्राची पातळी नियमितपणे चढते व उतरते. कोकण किनाऱ्यावर दिवसातून साधारणतः दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटांचा काळ जातो, म्हणून भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. एकाच दिवसातील दोन भरत्यांची उंची मात्र सारखी नसते.

अमावास्या व पौर्णिमेस चंद्र व सूर्य यांचे आकर्षण एकाच रेषेत कार्य करते. त्या सुमारास पाणी अधिक चढते व अधिक उतरते. यास उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ही दोन आकर्षणे परस्परांशी काटकोनात असतात. तेव्हा चढ-उतार कमी होतो. यास भांगाची भरती म्हणतात. सर्वांत मोठे उधाण बहुधा प्रत्यक्ष अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते.

पश्चिम किनाऱ्यावर भरतीची कक्षा, म्हणजे पूर्ण भरती व पूर्ण ओहोटी यांच्या पातळीतील अंतर, उत्तरेकडे वाढत जाते. खंभातच्या आखातात ती काही ठिकाणी दहा मीटरच्या आसपास असते. मुंबईस मोठ्या उधाणात पाणी चार मीटरहून अधिक चढते-उतरते, तर दक्षिणेस गोव्याकडे ही कक्षा सुमारे दोन मीटर राहते. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन रुंद व उथळ आहे आणि दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते, हे या फरकाचे एक प्रमुख कारण आहे. बाणकोटचे स्थान या दोहोंच्या मध्ये येते, त्यामुळे तेथील कक्षा मुंबईपेक्षा कमी व गोव्यापेक्षा अधिक असते.

तिथीवरून भरतीची वेळ

कोकणातील मच्छीमार व तांडेल भरतीची वेळ तिथीवरून काढत आले आहेत. शुद्ध किंवा वद्य पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. उदाहरणार्थ :

प्रतिपदा : १ × ३/४ = पाऊण, म्हणजे सुमारे १२.४५
चतुर्थी : ४ × ३/४ = ३, म्हणजे सुमारे ३.००
अष्टमी : ८ × ३/४ = ६, म्हणजे सुमारे ६.००
द्वादशी : १२ × ३/४ = ९, म्हणजे सुमारे ९.००
पौर्णिमा व अमावास्या : १५ × ३/४ = सव्वा अकरा, म्हणजे सुमारे ११.१५

ही वेळ दिवस व रात्र दोन्हींस लागू होते. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी येते. हा ठोकताळा मुंबई व उत्तर कोकणाच्या किनाऱ्यास बराच जुळतो. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने बाणकोटच्या मुखाशी भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते. अचूक वेळेसाठी भरतीचे अधिकृत तक्ते पाहावे लागतात.

खाडीच्या आतील भरती

मुखाशी पूर्ण भरती झाली म्हणजे त्याच क्षणी महाडलाही भरती झाली, असे होत नाही. भरती ही एक अतिशय लांब लाट असून उथळ पाण्यात तिचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. खोली सरासरी ४ मीटर धरल्यास हा वेग गणिताने ताशी सुमारे २२ किलोमीटर येतो. खाडीची वळणे लक्षात घेता मुखापासून महाडपर्यंतचे अंतर सरळ रेषेपेक्षा अधिक भरते. त्यामुळे या हिशेबाने महाडजवळील भरती मुखाच्या भरतीनंतर दोन तास किंवा अधिक उशिराने अपेक्षित असते. तळाच्या घर्षणामुळे व उथळ भागांमुळे हा विलंब आणखी वाढू शकतो.

खाडीच्या आत भरतीचे रूपही बदलते. मुखाशी पाणी चढण्यास व उतरण्यास जवळपास सारखाच वेळ लागतो. आत मात्र भरती लवकर चढते आणि ओहोटी रेंगाळत उतरते, कारण उथळ पाण्यात लाटेचा माथा तिच्या पायथ्यापेक्षा वेगाने पुढे सरकतो आणि नदीचा प्रवाहही भरतीस विरोध व ओहोटीस साहाय्य करतो. होडी चालविणारे याचा उपयोग करीत. भरतीच्या पाण्यावर महाडकडे जावयाचे आणि ओहोटीच्या पाण्यावर बाणकोटकडे उतरावयाचे, असा प्रवास वल्हवण्याचे कष्ट वाचवीत असे.

क्षारता

भरतीचा परिणाम दोन प्रकारे जाणवतो : पाण्याची पातळी बदलते आणि पाण्याचा खारेपणा बदलतो. या दोहोंची व्याप्ती सारखी नसते. पातळीतील चढ-उतार जितका आत जाणवतो तितके आत खारे पाणी प्रत्यक्षात पोहोचत नाही. वरच्या टप्प्यात पुष्कळदा भरती नदीचे गोडे पाणीच मागे रेटते आणि तेच पाणी वर चढते.

खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने ते तळाशी राहून आत शिरते व गोडे पाणी वरून बाहेर जाते. मार्च ते मे या काळात नदीचा प्रवाह कमी असतो, तेव्हा मचूळ पाणी सर्वाधिक आत येते आणि काठच्या विहिरींवर त्याचा परिणाम होऊ शकतो. जून-जुलैमध्ये पहिल्या मोठ्या पावसासरशी खारे पाणी मुखाकडे लोटले जाते.

खाडीमुखाची भूरूपे

हरिहरेश्वर येथे लाटांच्या माऱ्याने घडलेली भूरूपे स्पष्ट दिसतात. कड्याच्या पायथ्याशी लाटांनी कापलेला खडकाचा सपाट चौथरा, कड्यातील कपारी व गुहा, तसेच क्षारांच्या क्रियेने खडकावर पडलेली मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी ही त्यांची उदाहरणे होत. हरिहरेश्वर मंदिराची प्रदक्षिणा याच चौथऱ्यावरून जाते. भरतीच्या वेळी हा मार्ग पाण्याखाली जातो आणि लाटा कड्यावर आदळतात. म्हणून प्रदक्षिणा केवळ ओहोटीच्या वेळी करता येते. निसरडा खडक व अचानक येणारी लाट यांमुळे हा मार्ग धोक्याचा असून भरतीची वेळ विचारल्याशिवाय तेथे उतरणे योग्य नाही.

खाडीच्या आतील टोकाकडे महाडजवळ सव येथे नदीकाठी उष्ण पाण्याचे झरे आहेत. कोकणात सह्याद्रीच्या पायथ्याला समांतर असलेल्या उष्ण झऱ्यांच्या मालिकेत त्यांचा समावेश होतो.

जीवसृष्टी

भरतीने भिजणाऱ्या व ओहोटीने उघड्या पडणाऱ्या चिखलात कांदळवने वाढतात. तिवर, कांदळ इत्यादी वृक्ष खारे पाणी सहन करू शकतात. तिवराची श्वासमुळे चिखलातून वर आलेली असतात आणि कांदळाची आधारमुळे खोडापासून कमानीसारखी खाली उतरतात. ही झाडे काठ धरून ठेवतात, गाळ अडवितात आणि मासे व कोळंबी यांच्या पिलांना आसरा देतात. चिखलाच्या पट्ट्यांवर खेकडे, शिंपले व कालवे मिळतात आणि हिवाळ्यात पाणपक्षी येतात.

महाड परिसरातील सावित्रीच्या पात्रात मगरींचे वास्तव्य आहे. ही गोड्या पाण्यातील दलदली मगर असून थोडे मचूळ पाणीही ती सहन करते. ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या काठांवर व बेटांवर मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात.

बंदरे व जलवाहतूक

प्राचीन व मध्ययुगीन काळ

महाडजवळील गांधारपाले येथे सुमारे तीस बौद्ध लेण्यांचा समूह आहे. त्यातील एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याचा उल्लेख आहे. घाटमाथ्यावरून उतरणारी वाट आणि खाडीतून येणारा जलमार्ग जेथे मिळतात तेथे हा समूह असणे, हे या ठिकाणच्या जुन्या व्यापारी महत्त्वाचे द्योतक मानले जाते. शिवकाळात रायगड ही राजधानी झाल्यावर तिच्या पायथ्याजवळचे बंदर व बाजारपेठ म्हणून महाडचे महत्त्व वाढले.

१८०२ मध्ये पुण्याजवळील लढाईत यशवंतराव होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव पेशवा कोकणात उतरून महाडला आला व पुढे सुवर्णदुर्गमार्गे समुद्रातून वसईस गेला. तेथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला.

बाणकोट

खाडीच्या मुखावर दक्षिणेस बाणकोटचा किल्ला आहे. याचे नाव हिंमतगड. १७५५ मध्ये कमोडोर जेम्स याने तो घेतला व त्यास फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव देण्यात आले. पश्चिम किनाऱ्याच्या मुख्य भूमीवरील ईस्ट इंडिया कंपनीच्या अगदी आरंभीच्या ठाण्यांपैकी हे एक होते. १८१८ नंतर काही काळ दक्षिण कोकणचा कारभार येथून चाले. पुढे हे ठाणे रत्नागिरीस हलविण्यात आले.

एकोणिसाव्या शतकात मुंबईहून महाबळेश्वरला जाणारे काही प्रवासी समुद्रमार्गे बाणकोटला येत, खाडीतून होडीने आत जात आणि तेथून घाट चढत. आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी व लहान मुलगी बाणकोट येथे होडी बुडून मरण पावल्या. त्यानंतर तो महाबळेश्वरच्या कड्यावर बसून खालच्या सावित्रीकडे पाहत राही, अशी आख्यायिका आर्थर सीट या नावाविषयी सांगितली जाते.

दासगाव व महाड

महाडपर्यंतचे पात्र उथळ असल्याने मोठी जहाजे तेथे जाऊ शकत नसत. लहान गलबते व मचवे भरतीच्या पाण्यावर महाड गाठीत. मोठी जहाजे खालच्या बंदरांवर थांबत.

या जलमार्गाचा एक ऐतिहासिक प्रवास महाडच्या सत्याग्रहाशी निगडित आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर २४ डिसेंबर १९२७ रोजी मुंबईहून ‘पद्मावती’ या आगबोटीने सहकाऱ्यांसह निघाले आणि हरिहरेश्वरमार्गे खाडीतून दासगाव बंदरावर उतरले. तेथून ते मिरवणुकीने महाडला गेले. २५ डिसेंबर रोजी परिषदेत मनुस्मृतीचे दहन करण्यात आले.

रस्ते सुधारल्यावर, पात्र गाळाने भरत गेल्यावर आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किनारी आगबोटी बंद पडल्यावर महाडचे बंदर म्हणून असलेले स्थान संपुष्टात आले. सध्या मुखाजवळ वेश्वी–बागमांडला ही वाहने नेणारी फेरीबोट चालते.

खारभूमी व शेती

खाडीकाठच्या सखल जमिनी बांध घालून भरतीपासून वाचविलेल्या आहेत. अशा जमिनीस खारभूमी किंवा खार म्हणतात. बांधात उघाडी बसविलेली असते. ओहोटीच्या वेळी आतल्या पाण्याच्या दाबाने तिचे दार उघडते व पावसाचे पाणी बाहेर जाते. भरतीच्या वेळी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते मिटते व खारे पाणी आत येत नाही. म्हणजे खारभूमीतील शेताचा निचरा दिवसातून दोनदा, केवळ ओहोटीच्या काही तासांतच होऊ शकतो. मुसळधार पाऊस आणि उधाण एकत्र आल्यास उघाडी पुरेशी उघडत नाही व भाताचे पीक पाण्यात राहते.

बांध फुटून खारे पाणी शिरल्यास जमिनीतील क्षार धुऊन निघण्यास काही पावसाळे जावे लागतात. अशा जमिनींच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात १९७९ चा खारभूमी विकास अधिनियम लागू आहे. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती विकसित केल्या असून त्या ‘पनवेल’ याच नावाने ओळखल्या जातात.

पूर आणि भरती

परस्परसंबंध

महाडच्या पुराविषयी बोलताना ‘समुद्राचे पाणी शहरात आले’ असे पुष्कळदा म्हटले जाते. ते शब्दशः खरे नसते. मोठ्या पुराच्या वेळी नदीचा प्रवाह इतका प्रचंड असतो की खारे पाणी महाडपर्यंत येऊच शकत नाही. शहरात शिरणारे पाणी नदीचेच, म्हणजे पावसाचे असते. भरतीचा परिणाम निराळ्या मार्गाने होतो.

नदीचे पाणी पुढे वाहते ते पातळीतील फरकामुळे. मुखाशी समुद्राची पातळी वर आली की महाड व मुख यांच्यातील फरक कमी होतो, प्रवाह मंदावतो आणि वरून येणारे पाणी मागे तुंबते. या तुंबाऱ्यामुळे पातळी आणखी वाढते व पूर ओसरण्यास वेळ लागतो. ओहोटी लागली की निचऱ्याचा वेग वाढतो. नैर्ऋत्य मोसमी वारे व समुद्रावरील कमी दाबाचा पट्टा यांमुळे पावसाळ्यात किनाऱ्यावरील पाणी तक्त्यात दिलेल्या पातळीपेक्षा अधिक चढू शकते. हवेचा दाब एक मिलिबारने कमी झाल्यास समुद्राची पातळी सुमारे एक सेंटीमीटर वाढते.

तथापि, भरती हे पुराचे मूळ कारण नसून त्याची तीव्रता व कालावधी वाढविणारा घटक आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी सरासरी ५,५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीव्र उताराच्या दऱ्यांतून त्याचे पाणी काही तासांतच महाडला पोहोचते आणि तेथून पुढे जवळजवळ सपाट पात्रातून त्यास समुद्र गाठावा लागतो.

प्रमुख घटना

जुलै २००५ : २५ व २६ जुलै रोजी अतिवृष्टीमुळे महाड व पोलादपूर तालुक्यांत मोठा पूर आला. महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांत दरडी कोसळून मोठी जीवितहानी झाली. पौर्णिमा २१ जुलै रोजी होऊन गेली होती, म्हणजे उधाणाचा सर्वोच्च काळ ओसरत होता. पाऊस पुरेसा मोठा असेल तर कमाल उधाण नसतानाही विनाशकारी पूर येतो, हे या घटनेवरून दिसते.

ऑगस्ट २०१६ : २ ऑगस्टच्या रात्री मुंबई–गोवा महामार्गावरील महाडजवळचा सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल पुरात वाहून गेला. हा पूल १९२८ मध्ये बांधलेला होता. राज्य परिवहन मंडळाच्या दोन बस व अन्य वाहने प्रवाहात पडून अनेक प्रवासी मरण पावले. ही रात्र आषाढ अमावास्येची होती. तिथीच्या हिशेबाने किनाऱ्यावर मध्यरात्रीच्या सुमारास उधाणाची पूर्ण भरती व त्यानंतर पहाटेपर्यंत जोरदार ओहोटी येते. पूल पडण्याचे कारण नदीचा पूर हे होते. परंतु त्यानंतरच्या शोधकार्यावर भरती-ओहोटीचा मोठा प्रभाव पडला. काही मृतदेह खाडीतून वाहत जाऊन मुखाबाहेरच्या समुद्रकिनाऱ्यांवर सापडले. त्या जागी बांधलेला नवा पूल ५ जून २०१७ रोजी खुला करण्यात आला.

जुलै २०२१ : २२ व २३ जुलै रोजी महाड शहर पाण्याखाली गेले व अनेक ठिकाणी पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले. या काळात महाबळेश्वर येथे २४ तासांत सुमारे ६०० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक लोक मृत्युमुखी पडले. पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडी कोसळून मनुष्यहानी झाली. हे दिवस आषाढ शुद्ध त्रयोदशी व चतुर्दशीचे होते आणि २४ जुलै रोजी पौर्णिमा होती. अतिवृष्टी व चढते उधाण हे दोन्ही घटक या वेळी एकत्र आले.

गाळाचा प्रश्न

भरतीच्या सीमेजवळ गाळ साचणे ही नैसर्गिक क्रिया आहे. नदी ज्या वेगाने गाळ आणते तो वेग सपाट भागात व भरतीच्या विरोधामुळे कमी होतो आणि गाळ खाली बसतो. शिवाय गोडे व खारे पाणी जेथे मिसळते तेथे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात व तळाशी जातात. डोंगरउतारावरील वृक्षतोड, दरडी आणि रस्त्यांसाठी केलेली खोदाई यांमुळे गाळाचे प्रमाण वाढते. नदीच्या पूरमैदानात आडवे येणारे भराव पाण्याच्या वाटा अरुंद करतात.

२०२१ च्या पुरानंतर महाड परिसरात पात्रातील गाळ व बेटे काढण्याची कामे हाती घेण्यात आली. पात्राची वहनक्षमता वाढविण्यास या कामांचा उपयोग होतो. मात्र पात्र खोल केल्याने उन्हाळ्यात भरती व खारेपणा अधिक आत येण्याची शक्यताही वाढते, आणि वरून येणारा गाळ थांबला नाही तर पात्र पुन्हा भरते. त्यामुळे गाळ काढणे व पाणलोट क्षेत्रातील मृदसंधारण ही कामे एकत्र होणे आवश्यक मानले जाते. खाडीतील यांत्रिक वाळूउपसा हाही काठांच्या धुपेच्या दृष्टीने वादाचा विषय राहिला आहे.

संरक्षण व भवितव्य

किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना प्रथम १९९१ मध्ये निघाली व पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्याने काढण्यात आली. या नियमांत समुद्रापासूनचे अंतर ही एकमेव कसोटी नाही. खाड्या व नद्यांच्या बाबतीत, वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता दर हजारी पाच भाग असेल तेथपर्यंतचा काठ भरतीच्या प्रभावाखालील मानला जातो. यामुळे किनाऱ्यापासून दूर असलेल्या खाडीकाठच्या गावांनाही हे नियम लागू होऊ शकतात.

महाड येथील औद्योगिक वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी सावित्रीच्या खाडीत सोडले जाते. भरती-ओहोटीच्या क्षेत्रात सोडलेले पाणी एका ओहोटीत समुद्रात जात नाही. पुढच्या भरतीबरोबर त्याचा काही भाग परत आत येतो. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह क्षीण असताना ही ये-जा अनेक दिवस चालू राहते. म्हणून सांडपाण्याच्या गुणवत्तेबरोबरच ते सोडण्याची जागा व वेळ यांनाही महत्त्व असते.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून २०१८ पर्यंत जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटीमीटरने वाढली आहे. ही वाढ चालू राहिल्यास खाडीतील भरतीची सीमा हळूहळू वर सरकेल, खारभूमीच्या बांधांवरील ताण वाढेल आणि पुराच्या पाण्याच्या निचऱ्यास मिळणारा उतार आणखी कमी होईल. महाडसारख्या शहराच्या पूरनियोजनात पोलादपूर व महाबळेश्वरच्या पावसाची नोंद, नदीची पातळी आणि बाणकोटच्या भरतीची वेळ या तिन्हींचा एकत्रित विचार करणे त्यामुळे अगत्याचे ठरते.

हेही पहा

सावित्री नदी
महाड
पोलादपूर
बाणकोट किल्ला
हरिहरेश्वर
गांधारपाले लेणी
चवदार तळे
भरती-ओहोटी
खारभूमी
कांदळवन